दुखवट्यातली हिरवी साडी

बायको गेल्यापासून माझी लेक जर्मनीहून रोज संध्याकाळी फोन करून मला एक शब्द सांगायची. तिला वेळेवर विमान मिळालं नाही, मातीला ती पोचली नाही. मग हे शब्द सुरू झाले. पोर्तुगिजांचा साउदाद, म्हणजे गेलेल्याची ओढ, तीही थोडी गोड. जर्मनांचा वेल्टश्मेर्त्स, म्हणजे जग असंच आहे याचं दुःख. रशियनांचा तस्का, म्हणजे कशासाठी ते ठाऊक नाही, पण जीव तुटतो. "बाबा, तुम्हाला यातलं नक्की काय होतंय?" ती विचारायची. मी म्हणायचो, "करमत नाही." हे फार ढोबळ झालं, असं तिचं मत.

मी लातूरच्या शाळेत जन्मभर भाषा शिकवली, तेव्हा शब्दांना माझी ना नाही. पण आई गेल्यापासून ही पोर एकदाही रडली नव्हती, आणि तिकडे खोलीत एकटी. मला त्याचीच धास्ती होती. जवळ असती तर पाठीवरून हात फिरवला असता. ते जमत नव्हतं, म्हणून शब्द ऐकून घ्यायचो.

मग मुखेडहून एस.टी.नं मेहुणा दुखवटा घेऊन आला. माहेरच्यांनी नवं कापड आणायचं, गोड जेवू घालायचं, की दुःख संपलं, अशी आमच्याकडे सोय आहे. पिशवीतून टोपी निघाली, टॉवेल निघाला. मग एक हिरवी साडी निघाली. घरात बाईमाणूस कुणी उरलं नव्हतं. तो साडीकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे.

"दुकानदारानं इचारलं, आक्काला कसली दाखवू? म्या म्हणलं, हिरवी दाव. दर दिवाळीचंच हाय न्हवं. एस.टी.त बसलो तरी ध्यानात न्हाई आलं, दाजी."

साडी परत करायची तर दुकानदाराला कारण सांगावं लागणार, हा माझा पहिला विचार. तेवढ्यात फोन वाजला. आज फिनलंडचा शब्द होता. लेकीनं तो सांगायला घेतला, तर मी म्हटलं, थांब, मामा आलाय, आणि फोन त्याच्या हातात दिला.

"मामा, काय आणलं?" तिनं सवयीनं विचारलं.

त्याला खोटं बोलता येत नाही. "तुझ्या आईला साडी आणली, माय," तो म्हणाला. "चुकून."

पलीकडून रडणं ऐकू आलं, मोठमोठ्यानं, लहानपणी पडल्यावर रडायची तसं. मेहुणा घाबरला आणि फोन माझ्याकडे द्यायला लागला. मी घेतला नाही.

"रडू दे तिला," मी म्हणालो, आणि साडीवरून हात फिरवत राहिलो.