मशीनच्या पोटातलं मशीन

"आधी खरं सांगा, काय दाबलं?"

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी चाचा एवढंच विचारायचे. समोरचा हमखास सांगायचा, काहीच नाही, आपोआप बंद पडलं. मग चाचा खुर्ची मागे सरकवून, टोपी गुडघ्यावर ठेवून गप्प बसायचे. चहा यायचा. दुसरा चहा यायच्या आत माणूस कबुली द्यायचा. आमच्या बीडकडच्या माणसाकडून चूक वदवून घेणं किती अवघड, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यांचं दुरुस्तीचं दुकान अंबाजोगाईला, बसस्टँडच्या मागे. शिक्षण सातवी, आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. माझं घाटनांदूरला झेरॉक्सचं दुकान. तिथूनच माझे वडील साप्ताहिक काढायचे. वडील गेले, छापील गठ्ठे वाळवीने खाल्ले आणि कॉम्प्युटरमध्ये होते तेवढेच अंक उरले. तेही एका जुनाट प्रोग्रॅममध्ये, जो नव्या कॉम्प्युटरवर चालेना. चाचांनी तोड काढली. नव्या कॉम्प्युटरच्या आत त्यांनी एक जुना कॉम्प्युटर उभा केला, नुसता प्रोग्रॅमचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

"मशीनच्या पोटात मशीन हाय," ते म्हणाले. "बाहेरच्याला लई छेडू नका, आतलं दगावंल."

कुणी जुन्या अंकातली आजोबांची श्रद्धांजली मागायला यायचं, कुणी बहिणीचा दहावीच्या निकालातला फोटो. मी काढून द्यायचो. वडिलांचं एवढंच माझ्यापाशी होतं.

मग चाचांची तब्येत बिघडली. इलाजासाठी लातूरच्या चकरा सुरू झाल्या. त्याच दिवसांत, रोज स्क्रीनवर येणाऱ्या अपग्रेडच्या सूचनेला वैतागून मी एकदाचं 'हो' दाबलं. नवी सिस्टिम झोकात आली. आतलं मशीन मात्र सुरूच होईना, नुसती काळी चौकट. चार दिवस खटपट केली, जेवण गोड लागेना. शेवटी चाचांना फोन केला.

ते एसटीने आले. सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आणि त्यांच्या दुकानात बसून लोकांच्या थापांवर इतकी वर्षं हसलेला मी म्हणालो, "काहीच नाही, चाचा."

त्यांनी वाट पाहिली नाही, सरळ कामाला लागले. नव्या सिस्टिमने आतल्या मशीनला लागणारी एक सोय स्वतःकडे अडकवून ठेवली होती, ती त्यांनी पंधरा मिनिटांत मोकळी केली. आतलं मशीन सुरू झालेलं मी स्वतः पाहिलं. तरी ते उठेनात. तीन तास झाले. मधेच धाप लागली की टेबलावर कपाळ टेकायचे. मला वाटलं, आता त्यांचा हात पूर्वीसारखा चालत नाही. गिऱ्हाइकं खोळंबली होती, खोटं कशाला बोलू, मनातून मी चिडलोही.

शेवटी ते म्हणाले, "एकेक अंक साध्या फाइलमदी काढून ठिवला. आता मोबाइलवर बी उघडंल. आतल्या मशीनची गरज न्हाई. माझी बी न्हाई."

"असं कावून म्हणता, चाचा?"

"अपग्रेड कवा झालं, ते मशीनच सांगतंय की, भाऊ. त्याचा राग न्हाई. पुढच्या बारीला मला यायला जमंल का न्हाई, म्हणून बसलो."

त्यांना गाडीत बसवताना माफी मागायची होती. लाज वाटली. पुढच्या भेटीत मागू म्हटलं. महिन्याच्या आत चाचा गेले.

मयतीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर तलवाड्याला दिलेली गावातली एक लेक आली. तिच्या वडिलांच्या निधनाची बातमी तिला हवी होती. मी फाइलवर क्लिक केलं. अंक लगेच उघडला. प्रिंटचा कागद छातीशी धरून ती गेली आणि मला रडू आवरेना. तो अंक उघडायला नको होता, चाचांची गरज अजून उरायला हवी होती, असं मला फार वाटलं.