काकांचा पत्त्यांचा डाव

जर्मनीत रेगेन्सबर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी काकू राहतात. लग्न करून इथे आल्या त्याला एक पिढी उलटून गेली. काका जर्मन, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना मराठी येत नाही, तरी काकू माझ्याशी बोलताना त्यांना ‘हे’च म्हणतात.

काकांना विसरण्याचा आजार जडला. घरातल्या खोल्या चुकायचे; पण न्याहारी झाली की कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि हात आपोआप चालायचा. खाली डाव्या कोपऱ्यात क्लिक, मग पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव. जेवणापर्यंत तेवढाच काय तो काकूंना मोकळा वेळ.

मग एकदा बँकेचं पान उघडेनासं झालं. सिस्टीम जुनी, अपडेट बंद. काकू माझ्याकडे आल्या.

“नवा घ्यावा लागेल का रे? ह्यांना नवं काही जमायचं नाही.”

मशीन ठणठणीत होतं. ऑफिसात सगळ्यांना देतो तोच सल्ला मी त्यांनाही दिला. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाका, पण घाई नको. आधी फोटो-कागदपत्रांची कॉपी काढा. जुनं न पुसता पेनड्राइव्हवरून चालवून बघा, प्रिंटर चालतो का तपासा. आणि सुरुवातीला चिडचिड होणार, हे धरूनच चला.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून काकांनाही समोर बसवून पाहिलं. त्यांनी अख्खा डाव लावला आणि “गेनाऊ!”, म्हणजे ‘अगदी बरोबर!’, असं म्हणून माझ्याकडे बघून हसले. मग शनिवारी मी जुन्या सिस्टीमची पूर्ण कॉपी काढून लिनक्स कायमचं टाकलं. मेन्यू त्याच कोपऱ्यात ठेवला, मागचं डोंगराचं चित्रही तेच.

सोमवारी काकूंचा फोन आला. मी खाली गेलो. काका पडद्याकडे नुसते बघत बसले होते. मला पाहून उठले आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने जर्मनमध्ये म्हणाले, “माफ करा, हा कॉम्प्युटर कोणाचा आहे?”

काकूंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “काकू, जुन्याची पूर्ण कॉपी आहे माझ्याकडे. इंटरनेट काढून जसंच्या तसं परत लावतो.”

संध्याकाळपर्यंत लावलंही. तीच बटणं, तेच पत्ते. काका बसले. माउसवर हात ठेवला, मग उचलून मांडीवर घेतला. पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच अदबीने.

 काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

“म्हणजे तुझ्या लिनक्सचा दोष नव्हता,” त्या आतूनच म्हणाल्या.

“नाही, काकू.”

“असता तर बरं झालं असतं रे.”

काका आता फ्लेगेहाइममध्ये असतात, तिथे त्यांची काळजी घेतली जाते. काकू एक दिवसाआड बसने जातात. त्यांच्या सांगण्यावरून मी पुन्हा लिनक्स टाकून दिलं. बँकेची कामं त्या स्वतः करतात, काही अडलं तर मला विचारतात. पत्त्यांचा खेळ मात्र त्यांनी काढून टाकायला लावला.