अंबादास मास्तरांची सही

अंबादास मास्तर सहसा कुणावर विश्वास ठेवत नसत. हॉटेलात चहा आला की कप उचलून आधी त्याचं बूड बघायचे. रिक्षावाल्यानं 'आलं ठिकाण' म्हटलं तरी डोकं बाहेर काढून पाटी वाचल्याशिवाय उतरायचे नाहीत. उभी हयात त्यांनी एका चादरीच्या कारखान्यात तयार माल तपासला होता. कारखाना बंद पडला, आणि खालच्या मजल्यावर राहणारे मास्तर वेळ घालवायला वर आमच्या ऑफिसात येऊन बसू लागले.

ऑफिस कसलं, अशोक चौकाजवळच्या दोन खोल्या. मालक सागर, चित्रं काढणारी रेश्मा आणि प्रोग्राम लिहिणारी मी. आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो. मास्तरांनी पहिल्यांदाच आमचा गेम हातात घेतला आणि दहा मिनिटांत आमचा नायक भिंतीत अडकवून दाखवला. सागरनं त्यांना तिथल्या तिथे तपासायच्या कामावर घेतलं. रजिस्टरात मास्तरांची सही झाल्याशिवाय गेम बाहेर जायचा नाही, असा नियमच करून टाकला.

तेव्हा आम्ही सगळं मुळापासून लिहायचो. उडी मारलेला नायक खाली यावा, भिंतीला धडकला की थांबावा, उन्हात त्याची सावली पडावी, एवढ्यात माझे सात महिने गेले होते. मग सागरनं तयार गेम इंजिन घेतलं. पडणं, धडकणं, उजेड, सावली सगळं त्यात आयतं मिळायचं; आपण आपली गोष्ट तेवढी मांडायची. आठव्या दिवशी आमचा नायक डोंगर चढू लागला. मी हरखून मास्तरांना हाक मारली.

त्यांनी पडद्याऐवजी माझ्याकडंच बघितलं. "सात म्हैन्याचं काम आठ दिवसात? मग सात म्हैने तुमी काय करत हुता?"

"आता ते इंजिन करतं, मास्तर."

"मग ह्यात तुजं किती आन त्यांचं किती, सांग की. उद्या मोडलं तर कुटं मोडलं, कळंल का तुला?"

म्हातारा नव्याला नाक मुरडतोय, असं मी रेश्माला म्हणाले. खरं तर प्रश्न मला झोंबला होता, कारण उत्तर मला येत नव्हतं.

मास्तरांची तपासायची रीत कारखान्यातलीच. गेम चालू करायचा, नायकाला कुठंतरी उभा करायचा आणि खाली जाऊन चहा पिऊन यायचं. "आपण समोर हुबं ऱ्हायलं की मशीन नीट वागतंय. पाठ फिरवून बगायचं," म्हणायचे. एकदा परत आले तर झुलत्या पुलावर ठेवलेला नायक गुडघ्यापर्यंत फळीत रुतला होता.

"तिथं एवढा वेळ कोण थांबणार आहे, मास्तर?"

"थांबला तर?" म्हणत त्यांनी लाल पेनानं नोंद केली.

चूक इंजिनाच्या पोटात होती. डोंगर आठ दिवसांत झाला होता, पण ही एक चूक काढायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्यात हा गेम मागवणाऱ्या पुण्याच्या गिऱ्हाइकानं कळवलं, गेम इंजिनाच्या नव्या आवृत्तीवरच हवा. नवी आवृत्ती घातली आणि नायक पुन्हा पुलात बुडू लागला. दोन दिवस उरले होते. गेम वेळेवर गेला नाही तर पुढचं काम जाणार होतं, आणि मी माझ्या गावी, नातेपुत्याला, घरी बसणार होते.

मी मास्तरांना तपासायला जुन्या आवृत्तीवरची प्रत दिली. दिसायला दोन्ही सारख्याच. एरवी पडद्याच्या कोपऱ्यातला प्रतीचा नंबर ते स्वतः वाचून रजिस्टरात लिहायचे. त्या दिवशी चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "नवीनच हाय न्हवं?"

"हो."

"मग सांग नंबर." मी नव्या प्रतीचा सांगितला. त्यांनी तो लिहिला, नायकाला पुलावर उभा केला, चहा पिऊन आले आणि सही केली. पुण्याला मी दुसरी, नव्या आवृत्तीवरची प्रत पाठवली.

आठवड्यानं गेम परत आला. सागरनं रजिस्टर उघडून विचारलं, "मास्तर, पूल बघितला होता ना?"

"बगितला की." त्यांनी रजिस्टर जवळ ओढून आपली सही बघितली. "मग माजीच नजर गेली म्हनायची." मी शेजारीच उभी होते. मला बोलता आलं असतं.

मास्तर दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. सागरनं गिऱ्हाइकाकडून मुदत वाढवून घेतली, पूल मी दुरुस्त केला, माझी नोकरी राहिली. परवा जिन्यात मास्तरांच्या पत्नी भेटल्या. मी चौकशी केली.

"डोळं तपासून आले की," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हनतोय नजर चांगली हाय. ह्यांना पटंना. म्हनत्यात, त्यो खोटं बोलतोय. आता दुसऱ्या डॉक्टरकडं निघालेत."

आतून मास्तरांनी विचारलं, "कोन हाय?"

"वरची पोरगी," काकूंनी सांगितलं.

"तिला आत बोलीव की. रिपोर्ट वाचून दाव म्हनावं. ती सांगंल खरं काय ते."