चोवीस भोकं

"आधी आतून हात फिरवा, अक्का. बाहेरून काय, सगळीच चांगली दिसतात."

हे अण्णांचं वाक्य. कॉम्प्युटरचं कॅबिनेट नवं असो की जुनं, ते आधी त्याची बाजू उघडत, डोळे छताकडे लावत आणि तर्जनी आतल्या कडांवरून सावकाश फिरवत नेत. कुठे धार लागली की "च्च" करत आणि शर्टाच्या खिशातून कानस काढत. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला कानस. धुवायला टाकलेल्या शर्टातही ती सापडते, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

त्यांच्या वडिलांचा ट्रंका बनवायचा धंदा होता. दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीत दुकान. हुबळीतल्या किती नवऱ्या त्यांच्या ट्रंका घेऊन सासरी गेल्या असतील. मग सुटकेसा आल्या आणि ट्रंका गेल्या. यांनी त्याच दुकानात कॉम्प्युटर जोडायला सुरुवात केली. "पत्र्याचा डबाच तो," म्हणायचे. "आत शालू असो नाहीतर वायरी." ते मला अक्का म्हणत, मी त्यांना अण्णा म्हणे. खरं मोठं कोण, या भानगडीत दोघंही पडलो नाही.

मी धारवाडला सप्तापुरात टायपिंगचं दुकान चालवत होते. युनिव्हर्सिटी जवळ, त्यामुळे प्रबंधांना तोटा नव्हता. कन्नड, मराठी, इंग्रजी, जे येईल ते. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील, जुनं मशीन दमलं आणि नवं जोडून घ्यायचं ठरलं. माझी स्वतःबद्दल समजूत अशी, की मी अत्यंत व्यवहारी बाई आहे. वांगी घेताना देठ बघते, साडी घेताना उलटी करून बघते. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेकदा त्याच फसतात.

अण्णांनी हुबळीहून तीन कॅबिनेटं आणली आणि माझ्या दुकानात जमिनीवर ओळीनं मांडली. पहिलं पांढुरकं, रुंद, सरकारी कचेरीतल्या कपाटाच्या धाकट्या भावासारखं. दुसरं तसंच, जरा उंच. तिसरं काळं, सडपातळ, पुढे चंदेरी दार आणि आत निळा लाइट.

"हे," मी म्हटलं.

"हे का, अक्का?"

"बरं आहे."

त्यांनी दुकानाच्या निळ्या पडद्याकडे बघितलं, मग लाइटकडे. "हां. मॅच होतंय."

मग त्यांनी काळ्या कॅबिनेटची बाजू उघडून आत बोट फिरवलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. टोकावर रक्ताचा थेंब होता. "चावतंय बघा. पांढरं घ्या. हवा खेळती राहते. गरीब आहे, पण गुणी आहे."

"स्थळ बघताय काय, अण्णा? कानस मारा."

ते दुपारभर कानस मारत बसले. माझ्या हौसेसाठी.

एप्रिलमध्ये मशीन बंद पडायला लागलं. अकरा वाजले की गरम व्हायचं आणि वाक्याच्या मध्येच डोळे मिटायचं. अण्णा आले, मशीनच्या दारावर हात ठेवून म्हणाले, "श्वास कोंडतोय. बाजूला भोकं पाडतो."

"बाजूला नको," मी म्हटलं. "वर पाडा. गरम हवा वर जाते. आम्ही शाळेत शिकलोय."

"हवा वर जाते खरं. धूळ खाली येते की."

"मी रोज पुसते."

"वरती बेडा, अक्का." नको म्हणताना ते कन्नडमध्येच नको म्हणत, म्हणजे अगदी नको. "वर सपाट जागा दिसली की बायका काहीतरी ठेवतातच."

या 'बायका' शब्दावर मी त्यांना पाच मिनिटं सुनावलं. माझ्या दुकानात कशावर काय ठेवतात ते मला कळतं, असंही म्हटलं. ते ऐकता ऐकता वरच्या पत्र्यावर पेन्सिलीनं खुणा करत होते. वर चोवीस भोकं पाडली, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, चार ओळी, ओळीत सहा. प्रत्येक भोक आतून घासलं. मशीन पुन्हा बंद पडलं नाही. माझं शाळेतलं शिक्षण बरोबर निघालं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

माझ्याकडे एक प्राध्यापक सर नेहमी येत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मीच टाइप करायची. त्यांच्या विभागाला आठ मशीनं घ्यायची होती. मीच अण्णांची गाठ घालून दिली. सरांनी माझं मशीन बघितलं, भोकं बघितली, खूश झाले. दसऱ्यानंतर ऑर्डर देतो म्हणाले. अण्णा त्या काळात जरा वेगळेच दिसायचे. हे काम मिळालं तर मागच्या गल्लीतून निघून रस्त्यावरचा गाळा घ्यायचा त्यांचा विचार होता. गाळा बघूनही आले होते. "शटरला आतून हात फिरवला," म्हणाले. "गुळगुळीत आहे."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. शिवणयंत्र, स्कूटर, विळी, अडकित्ता, कुणी सुटत नाही. मी दुकान धुतलं, मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला. ओलं कुंकू लावलं. आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता, जिथे देवाच्या डोक्यावर वाहतात तिथेच, म्हणजे बरोबर डोक्यावर, चिमूटभर वाहिल्या. दोन्ही हात जोडले. भोकांचा विचार मनात आला नाही. भक्तिभावात माणूस व्यवहारी राहत नाही.

दसऱ्याला मुहूर्ताचं एक पान टाइप करावं म्हणून बटण दाबलं. आत फट् झालं आणि वास आला.

दुसऱ्या दिवशी अण्णा हुबळीहून पहिल्या बसनं आले. तेवढ्यात सरही आले. त्यांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्या मशीनमध्ये होता आणि आठवड्यात सादर करायचा होता. सर खुर्चीत बसले. अण्णांनी बाजू उघडली, सवयीप्रमाणे आत बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. मला दिसलं. सर्किटच्या हिरव्या पाटीवर लाल लाल तांदूळ. एक पंख्याच्या पात्याला चिकटलेला.

त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

"काय निघालं हो?" सरांनी विचारलं.

"पॉवर सप्लाय, सर," अण्णा म्हणाले. पाठ सरांकडेच होती. हातानं ते तांदूळ गोळा करत होते. "माझ्याकडून हलका बसला. चूक माझी. प्रबंध सुखरूप आहे, त्याला काही झालेलं नाही."

"म्हणजे तुम्ही जोडलेली मशीनं सहा महिन्यांत जळतात म्हणायचं."

"हे एक जळलं, सर."

त्यांनी मूठ मिटली आणि कानशीच्या खिशात रिकामी केली. आता बोलायची पाळी माझी होती, हे मला चांगलं कळलं होतं. मी आत जाऊन चहा ठेवला. व्यवहारी बायका अशा वेळी चहा ठेवतात.

प्रबंध वेळेत गेला. आठ मशीनांची ऑर्डरही गेली, दुसऱ्याकडे.

पुढच्या आठवड्यात अण्णा आले ते पत्र्याचं एक झाकण घेऊन. ट्रंकेच्या उरलेल्या पत्र्याचं, कडेला फुलांची नक्षी. भोकांवर दोन बोटं उंच बसवलं, हवा जावी म्हणून. आणि घराच्या छपरासारखं दोन्ही बाजूंना उतरतं.

"उतरतं का?"

"वर काही राहायला नको म्हणून."

मी मान खाली घालून विचारलं, "अण्णा, सरांना खरं का नाही सांगितलंत?"

"मशीन जळलं म्हटलं तर माणूस दुसरं मशीन बघतो. टायपिंगवालीनं प्रबंध जाळत आणला म्हटलं तर? तुमच्याच गल्लीत आणखी दोघी बसल्यात की."

"आणि तुमचा गाळा?"

"भोकं मी पाडली, अक्का. तुम्ही नुसती पूजा केली." आणि हसत स्क्रू आवळायला लागले.

सरांना खरं सांगायचं मी तेव्हाच ठरवलं. पण आधी त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध चालू होते. मग परीक्षा. मग सांगायची वेळ निघून गेली असं वाटलं. ठरवलेलं काम मी कधी पुढे ढकलत नाही, असं मी दुकानात येणाऱ्या मुलींना नेहमी सांगते.

शेवटी सर निवृत्त होऊन केलगेरीला राहायला गेले. तिथे त्यांचं काही टायपिंग द्यायला गेले असताना मी सांगून टाकलं. कुंकू, अक्षता, सगळं.

"तेव्हाच सांगायचं होतंत की, बाई," सर म्हणाले. "मला त्याचाच हात आवडला होता."

सरांना सांगितलं, एवढं तरी अण्णांना सांगावं म्हणून मी दोन दिवसांनी हुबळीला गेले. मागच्या गल्लीत त्यांच्या दुकानात एक माणूस मोबाईलची कव्हरं लावत बसला होता. "ते वारले की, अक्का," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच." मी बरं म्हटलं. दुकानाची पायरी उतरले आणि बस पकडली.

माझ्या मशीनचा आतला माल पुढे तीनदा बदलला. कॅबिनेट तेच राहिलं. खंडेनवमीला मी अजूनही अक्षता वर वाहते. त्या छपरावरून घसरून जमिनीवर पडतात आणि मी झाडून घेते.

आता दुकान बंद केलंय. परवा भंगारवाला आला. कॅबिनेटची बाजू उघडी होती. उचलायला वाकला आणि म्हणाला, "सरका, अक्का, जुना पत्रा आहे. हात कापेल."

"नाही कापत," मी म्हटलं. तरी आत बोट घालून सगळ्या कडांवरून एकदा फिरवून आणलं. खालून, मागून, मग वर, चोवीसही भोकांवरून. कुठे अडकलं नाही.

त्याला म्हटलं, रद्दी तेवढी घेऊन जा.