पहिल्या दालनाचा पहारेकरी

संग्रहालयाच्या पहिल्या दालनात त्यानं उभी हयात पहारा केला. दाराशी स्टूल, समोर काचेआड कंदमुळं उकरणारी पुतळ्यांची जोडी. गाइडबाई रोज तेच सांगायच्या, "आपले पूर्वज कंद, फळं, शिकार खायचे. साखर नाही, मैदा नाही. दिवसभर पायपीट. मधुमेहाची भानगडच नव्हती!" मग सगळ्या प्रेक्षकांना घेऊन त्या पुढच्या दालनात जात, आणि हा स्टुलावर बसून क्रीमची बिस्किटं खाई. पालथ्या घड्यावर पाणी!

पण रक्तात साखर निघाली, तळपाय बधिर होऊ लागले, आणि बाईंचा शब्द त्याला एकदम वेदवाक्य वाटू लागला. गोळ्या फडताळात गेल्या. ताटात उकडलेले कंद आणि कच्चा पाला आला. बूट पिशवीत घालून तो अनवाणीच कामावर जाऊ लागला. सोबतचे 'आदिमानव' म्हणून हाक मारत, तर गडी खूश!

"त्यांच्या बायकांना भांडी घासावी लागत नव्हती. तेवढं तरी घ्या त्यांच्याकडून," बायको म्हणाली. "आणि गोळ्यांचं काय?"

"पूर्वज घेत होते का गोळ्या?"

वजन उतरलं, खोटं कशाला बोला. भल्या माणसानं गोळ्या आणि बूट तेवढे सोडायला नको होते.

पायात काच घुसली ती त्याला कळलीसुद्धा नाही. फरशीवरचे रक्ताचे ठसे बायकोनं पाहिले. "पाला वाटून लावू, जखम भरेल," तो म्हणाला. नाही भरली. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला. दुसऱ्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

त्याच्या निरोपाचा कार्यक्रम संग्रहालयातच ठेवला होता. पहिल्या दालनात खुर्च्या मांडायचं चाललेलं, म्हणून बायकोनं त्याची चाकाची खुर्ची दुसऱ्या दालनात नेली. इतक्या वर्षांत त्यानं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. पहाऱ्याची जागा सोडायची नाही, आणि सुटी झाली की घर गाठायचं.

गाइडबाई एका सांगाड्यापाशी उभ्या होत्या. पुढ्यात प्रेक्षक, यांच्याकडे पाठ. "आता याच पूर्वजांची दुसरी बाजू. ह्याच्या पायाला साधी जखम झाली, चिघळली, आणि भर तारुण्यात गेला बिचारा. औषध कुठे होतं तेव्हा?"

बायको त्याच्याकडे वळली. "अहो, रोज ऐकत होता ना तुम्ही?"

"माझी ड्युटी पहिल्या दालनात होती," तो म्हणाला, आणि मांडीवरची चादर त्यानं उरलेल्या पायावर ओढली.