मावशींचा ड्रॉवर

जर्मनीत आखनला शिकत असताना मी एका प्रकाशनसंस्थेत काम करायचो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. आईला सांगितलं, बायकोलाही. ती प्रकाशनसंस्था नव्हती. सत्तरच्या दशकातले ‘फक्त प्रौढांसाठी’चे चित्रपट कॅसेटवर घालून टपालाने विकणारी कंपनी होती, आणि मी तिथे कव्हरं तयार करायचो. आता वाटतं, एवढ्यापुरतं लपवायची गरज नव्हती. लपवलं ते मावशींमुळे.

मावशी पॅकिंगला होत्या. पन्नाशीच्या जर्मन बाई, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. परत आलेली प्रत्येक कॅसेट त्या स्वतः रिवाइंड करायच्या. “गिऱ्हाईक कसंही असो, त्याला गोष्ट पहिल्यापासून मिळायला हवी.” या चित्रपटांना गोष्ट असते असं मानणारं त्या गोदामात दुसरं कोणी नव्हतं. एकदा माझ्या तोंडून ‘मावशी’ निघून गेलं. अर्थ सांगितला तर म्हणाल्या, “आल्झो, मग भाच्याला खाऊ घालणं आलं.” तेव्हापासून दर गुरुवारी माझ्यासाठी बेकन न घातलेलं बटाट्याचं सॅलड यायचं, आणि सोबत टोमणा, “डुकराने तुझं काय वाकडं केलंय रे?”

“लोक सिनेमा नाही घेत, डबा घेतात,” असं त्या म्हणायच्या. खरंच होतं. एकच चित्रपट आम्ही तीन नावांनी, तीन कव्हरांत खपवायचो. कव्हरावरची बाई आत असेलच असं नाही.

एका दुपारी मी जुन्या स्लाइड्स दिव्याच्या टेबलावर ठेवून पाहत होतो. एकीत एक तरुणी मान तिरकी करून हसत होती. ती तिरकी मान मी रोज पाहत होतो. वळलो तर मागे मावशी.

“गेनाऊ, बरोबर. मीच. सव्वीस वर्षांची.”

स्लाइड उचलून त्यांनी आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. तिथे आणखी बऱ्याच होत्या. आपला चेहरा कव्हरावर जाऊ नये म्हणूनच त्यांनी ही नोकरी धरली होती. “सही केली तेव्हा म्हणाले, थिएटरात दोन आठवडे चालेल, मग कोणाला आठवणारही नाही. मी लोकांच्या कपाटात जाऊन बसेन, हे कोणी बोललं नव्हतं.” मुलगी शाळेत शिक्षिका होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. “तू बोलू नकोस हं.” मी मान डोलावली.

मग डीव्हीडी आल्या. शेफना, म्हणजे आमच्या साहेबांना, मावशी ज्यात होत्या त्याच चित्रपटाची खास आवृत्ती काढायची होती, पूर्वी न छापलेल्या फोटोंसकट. माझा करार संपत आला होता आणि व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, नोकरीचा कागद द्यायचा होता. शेफ म्हणाले, “त्या नटीच्या स्लाइड्स शोधून दे, तुझं वर्ष पक्कं.”

“पॅकिंगच्या ड्रॉवरमध्ये बघा,” मी म्हणालो. “पण चेहरा ओळखू यायला नको.”

“अर्धा सावलीत ठेव की,” ते म्हणाले. मी तसाच ठेवला. छापून आला तो पुरा उजेडात, कॅटलॉगच्या पहिल्या पानावर. त्यातली एक प्रत मुलीच्या शाळेतल्या कोणाच्या तरी घरी पोचली. मुलीने नातवाला आजीकडे पाठवणं बंद केलं.

नोकरी सोडताना मावशी ड्रॉवर रिकामा करत होत्या तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

“स्लाइड्स तुला कोणी दिल्या?”

“शेफनी.”

हे खोटं नव्हतं. त्यांनी माझा गाल थोपटला. “माझ्या ड्रॉवरला हात लावला त्याने! तू तरी गप्प राहिलास.” सॅलडचा डबा मलाच ठेवायला सांगून त्या गेल्या. मला वर्षाचा करार मिळाला.

आता मी र्युसेल्सहाइमला असतो. दर नाताळात ‘माझ्या भाच्यास’ असं लिहिलेलं त्यांचं कार्ड येतं. गेल्या खेपेला लिहिलं होतं, मुलगी अजून फोन घेत नाही, गुडघे दुखतात, तुझ्यासारखं विश्वासाचं माणूस विरळा. माझ्या लेकीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “पापा, वेअर इस्ट दास?” कोण या? “ओळखीच्या आहेत,” मी म्हणालो. उत्तरात मी थंडीबद्दल लिहिलं.

तो ड्रॉवर शेफना मी दाखवला. एवढं एक वाक्य मी मावशींचं देणं लागतो.