वहिनींना दिवस गेलेत

आमचे विमा एजंट मरण, लकवा, अपघात हे शब्द चहात बिस्किट बुडवता बुडवता उच्चारायचे आणि वाक्याच्या शेवटी ‘समजा’ जोडायचे. पण डॉक्टरांनी मला प्रवास नको म्हटलं, आमची सिंगापूरची सहल रद्द झाली, तेव्हा सहलीच्या विम्याच्या क्लेमचं कारण ऐकून ते कानापर्यंत लाल झाले. त्यात सासूबाईंची ताकीद, तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर कळता कामा नये.

दौंड स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथवरून एजंटांनी पुण्याच्या विमा ऑफिसला फोन लावला. हे ड्युटीवर, म्हणून मी शेजारी उभी. पंख्याकडे बघत ते पुटपुटले, “सायेब, वहिनींना दिवस गेलेत.”

पलीकडून खणखणीत आवाज आला, “दिवस गेले असतील तर क्लेम मिळणार नाही. मुदत पाळायची!”

“मुदत हाय वो! दिवस गेलेत!”

“तेच सांगतोय मी!”

शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि ओरडले, “वहिनी गरोदर हायेत!”

सगळी रांग माझ्याकडे वळली.

क्लेमचा काही पत्ता नव्हता, पण संध्याकाळपर्यंत घरात चिंचांचा ढीग झाला. शेवटची पुडी घेऊन एजंटच आले. दार सासूबाईंनी उघडलं. छताकडे बघत ते म्हणाले, “कुणालाच कळलं न्हाई, समजा.”